रक्ताच्या नात्याबाहेरचा माणूस

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आमच्या सोसायटीतले पाच-सहा जण माझ्या यादीत आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. सोसायटीचं नाव लिहीत नाही. विश्रामबागेत आहे एवढं पुरे, आणि खरं सांगायचं तर नाव कुठलंही घातलं तरी चालेल अशी परिस्थिती आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमची विशेष सभा आहे. विषय दोन. पहिला टाकीच्या गळतीचा, त्यावर तासभर भांडण होणार हे ठरलेलंच. दुसरा विषय पाच मिनिटांत हात वर करून मंजूर होईल अशी मला भीती आहे, म्हणून हे लिहितोय. ठराव असा की, कुठल्याही सभासदाने रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाला रात्री मुक्कामाला ठेवायचं असेल तर दोन दिवस आधी समितीची लेखी परवानगी घ्यावी, त्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत जमा करावी आणि त्याच्या वागणुकीची हमी लिहून द्यावी. कारण काय, तर सुरक्षा.

हा ठराव माझ्यामुळे आला आहे. कुणी तसं तोंडावर म्हटलेलं नाही, पण जिन्यात भेटल्यावर लोक हसतात कसे यावरून कळतंच की.

झालं असं. मी गेली सात-आठ वर्षं अनोळखी माणसांना घरी उतरवतो. सायकलवाल्यांसाठी वॉर्मशॉवर्स नावाची एक व्यवस्था आहे. लांबच्या प्रवासाला निघालेला सायकलस्वार तिथून निरोप पाठवतो, की अमुक दिवशी तुमच्या गावात येतोय, एक रात्र जागा मिळेल का. जमत असेल तर हो म्हणायचं, नसेल तर नाही. पैशाचा व्यवहार नाही. आज तुम्ही ठेवून घेता, उद्या तुम्हाला कुणीतरी ठेवून घेतं, आणि राहून गेलेला माणूस तुमच्याबद्दल व तुम्ही त्याच्याबद्दल चार ओळी लिहिता, त्या पुढच्या सगळ्यांना दिसतात. ही कल्पना नवी नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये काही शांततावादी तरुणांनी सर्व्हास नावाची संस्था सुरू केली. देशोदेशीची माणसं एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटात जेवली, तर पुढचं युद्ध करणं जरा जड जाईल असा भाबडा विचार होता. संस्था अजून आहे, भारतातही आहे. नंतर इंटरनेट आलं आणि २००४ मध्ये काउचसर्फिंग सुरू झालं. त्या माणसाने आइसलंडला जायच्या आधी तिथल्या विद्यापीठातल्या दीडेक हजार विद्यार्थ्यांना ईमेल टाकलं होतं की मला कुणी घरी ठेवून घेईल का. इतकी उत्तरं आली की निवडायची कुणाला हा प्रश्न पडला. पुढे त्याची कंपनी झाली, २०२० च्या मे महिन्यात, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, त्यांनी सभासदांकडून पैसे मागायला सुरुवात केली आणि बरेच जुने लोक बाहेर पडले. मीही पडलो. जी गोष्ट लोक फुकट एकमेकांसाठी करत होते तिच्या दारात तिकीटखिडकी बसवली की असंच होणार. असो, तो वेगळा विषय.

तर माझ्याकडे आजवर तीसेक माणसं राहून गेली. त्यात एक फ्रेंच मुलगी होती, मिरजेत सतार घ्यायला आलेली. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळाला हे आपल्या सगळ्यांनी अभिमानाने शेअर केलं होतं, पण जीआय मिळायच्या कितीतरी आधीपासून लोक तिथे येतात, गल्लीत बसून भोपळा कसा वाळवतात, जवारी कशी काढतात ते बघतात. ही पोरगी चार दिवस राहिली. आमच्या सोसायटीने तिचं केलेलं कौतुक काय सांगू! खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. दोन घरांत हळदीकुंकवाला बोलावलं. जाताना तिच्या सॅकमध्ये भडंगाची तीन पाकिटं होती, तिन्ही वेगवेगळ्या घरांतली. सेक्रेटरींच्या मुलाने तिच्याबरोबर काढलेला फोटो अजून त्याच्या डीपीला आहे.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये वॉचमनमामांनी तिची नोंद काय केली होती माहितीये? 'फॉरेनर मॅडम'. नाव नाही, गाव नाही, काही नाही. कुणी विचारलंही नाही.

आता कायदा काय सांगतो बघा. परदेशी माणूस तुमच्या घरी राहिला तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. फॉर्म सी म्हणायचे त्याला. हॉटेलला लागू आहे तसा आपल्या साध्या घरालाही लागू आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा २०२५ मध्ये गेला, त्या जागी नवा आला, पण कळवण्याची जबाबदारी यजमानावर आहे ती आहेच. मी तो फॉर्म दर वेळी भरतो. पहिल्या वेळी पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या हवालदाराने मला विचारलं, "लॉज आहे का तुमचं?" नाही म्हटलं. "मग पाहुणी आहे का?" हो म्हटलं. "मग फॉर्म कशाला?" शेवटी ऑनलाइन भरला, त्यांनाही दाखवला, चहा पिऊन आलो. म्हणजे ज्या पाहुण्यांची नोंद करणं खरोखर कायद्याने बंधनकारक आहे, त्यांच्याबद्दल आमच्या समितीने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

आणि मागच्या महिन्यात केरळातल्या मलप्पुरमचा एक पोरगा आला. वय बावीस-तेवीस. मलप्पुरम ते काश्मीर सायकलने निघालेला. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर करत संध्याकाळी सातला गेटवर पोचला, उन्हाने काळवंडलेला, ओठ फुटलेले. त्याने रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. सगळं त्या नावावरूनच झालं, आणि ते नाव तुमच्या लक्षात आलंच असेल.

साडेआठला रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर आला. खाली प्रश्न: हा कोण? कुणाकडे आलाय? आधार घेतलंय का? मी लिहिलं की माझा पाहुणा आहे, सायकलवर देशभर फिरतोय. पाच मिनिटं शांतता. मग एकाने लिहिलं, "देशभर फिरायला पैसे कोण देतं यांना?" दुसऱ्याने बातमीची एक लिंक टाकली, तिचा याच्याशी काही संबंध नव्हता. तिसऱ्याने हात जोडलेला इमोजी टाकून लिहिलं, "आपल्या माताभगिनी आहेत, जरा विचार करावा ही नम्र विनंती." तोवर तो पोरगा आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून माझ्या आईला, तिच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत, कांदा चिरून देत होता. दोघांचं उत्तम चाललं होतं.

भारताचा नागरिक भारतात कुणाच्या घरी एक रात्र राहिला तर कुणाला कळवायचं? कुणालाच नाही. तसा कायदा नाही. कायद्याला ज्याची नोंद हवी तिथे आम्ही 'फॉरेनर मॅडम' लिहून मोकळे, आणि कायद्याला ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्या आधारची चौकशी. आमिर खानची ती जाहिरात आठवते का, अतिथीला देव माना म्हणणारी? तिच्यात छळ होत असायचा तो पाहुणा परदेशीच असायचा. आपण ती जाहिरात फारच शब्दशः घेतली असं दिसतंय.

आता मी थोडा मागे जातो, कारण ही गोष्ट मी यजमान झालो तिथून सुरू होत नाही. मी पाहुणा होतो तिथून होते.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही दोघे मित्र सायकलने नर्मदा परिक्रमेला निघालो. ओंकारेश्वरहून उचल केली. माझी श्रद्धा म्हणाल तर अर्धीमुर्धी, आणि माझा मित्र मिरजेचा, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात, म्हणजे मुसलमान. त्याला सायकल चालवायची होती, नदी बघायची होती. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, एवढा नियम त्याने माझ्यापेक्षा कडक पाळला. परिक्रमा केलेल्यांना सांगायला नको, काठावरची गावं परिक्रमावासीला कसं सांभाळतात. 'नर्मदे हर' म्हणायचं आणि दारात उभं राहायचं. कुणी शिधा देतं, त्याला सदावर्त म्हणतात, कुणी शिजवलेलं देतं, कुणी नुसती पडवी देतं. हे शेकडो वर्षं चाललंय, कुठल्याही ॲपशिवाय, कुठल्याही चार ओळींच्या अभिप्रायाशिवाय.

पण सगळं गोडगोड नव्हतं. चौथ्या की पाचव्या मुक्कामाला एका आश्रमात आम्हाला नाव विचारलं, मग आडनाव, मग गोत्र. माझं मी सांगितलं. मित्राने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मिरजकर." खोटं नव्हतं, मिरजेचाच आहे तो. त्या 'मिरजकर'वर आम्ही पुढचे सहा-सात मुक्काम काढले. प्रत्येक ठिकाणी तो उत्तर द्यायला अर्धा सेकंद उशीर करायचा, आणि तो अर्धा सेकंद मला ऐकू यायचा. जेवताना गप्प असायचा. मी एकदा म्हटलं, अरे जाऊ दे, खरं सांगून टाक, काय होईल? तो म्हणाला, "तुला काय होईल ते माहीत नाही म्हणूनच तू असं म्हणतोस." मी यावर काय बोलणार!

पुढे आम्ही शहाद्याहून सातपुड्यात शिरलो, धडगावच्या दिशेने. नर्मदेचा ५४ किलोमीटरचा काठ आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला येतो तो सगळा या नंदुरबार जिल्ह्यात. पूर्वी या शूलपाणीच्या झाडीत भिल्ल लोक परिक्रमावासींना लुटत, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेत, अशा गोष्टी प्रत्येक परिक्रमेच्या पुस्तकात असतात. आम्ही गेलो तर चढावर संध्याकाळी माझ्या सायकलचं मागचं टायर फाटलं. ट्यूब नव्हे, टायर. अंधार पडत आलेला, जानेवारीची थंडी, रस्त्यावर माणूस नाही. एक पावरा गडी शेळ्या घेऊन घरी चालला होता. त्याने सायकलकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि मान हलवून चला म्हटलं.

घर बांबूच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं. आत एकच खाट. त्याने आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो "जेवलात का?" दुसरा प्रश्न विचारलाच नाही. त्याच्या बायकोने मक्याच्या भाकरी थापल्या, उडदाची डाळ, मिरची. जेवताना तुटकं मराठी, तुटकं हिंदी असं बोलणं चाललं होतं. त्याच्या भावाचं घर आणि शेत खाली नदीकाठाला होतं, ते सरदार सरोवरात गेलं. भावाला तळोद्याकडे जमीन मिळाली, पण तिकडे त्याचं मन लागत नाही म्हणून तो मधूनमधून येऊन इथेच राहतो. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस यंदा उशिरा आला असं सांगावं तसं सांगितलं. मी मात्र हातात भाकरी धरून विचार करत होतो, की या धरणाच्या बातम्या आपण सांगलीत पेपरात वाचल्या, पान उलटलं, आणि आज त्याच माणसांच्या चुलीवर शेकतोय.

मग माझ्या मित्राने, कुणी विचारलेलं नसताना, आपलं खरं नाव सांगितलं. मी दचकलोच. त्या गड्याने मान हलवली. म्हणाला, "हां, अक्कलकुव्याला लई आहेत तुमचे लोक." आणि बायकोला म्हणाला, याला डाळ वाढ.

झालं. एवढंच. खाट आम्हाला दिली, ती माणसं खाली झोपली, आम्ही नको नको म्हणत असताना. सकाळी त्याने जुन्या टायरचा एक तुकडा आतून लावून माझं टायर धडगावपर्यंत चालेल असं करून दिलं. पैसे पुढे केले तर हसला. माझा मित्र त्या दिवशी घाटात गाणं म्हणत सायकल चालवत होता, आणि त्याचा आवाज वाईट आहे. सतार बनवणाऱ्याच्या घरातला असून!

त्या परिक्रमेहून आल्यावर मी वॉर्मशॉवर्सवर नाव घातलं. खाऊन आलो होतो, खायला घालणं भाग होतं, इतका साधा हिशोब.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. मला ते उडवून लावायचं नाही, कारण भीती खरी असते. अनोळखी माणूस घरात घ्यायचा, घरात बायका-मुलं असतात, काही झालं तर? या पाहुणचाराच्या जगात वाईट घडलेलंच नाही असं मी म्हणत नाही. इटलीतल्या पादुआ गावात पोलीस दलातला एक माणूस काउचसर्फिंगवरून मुलींना घरी उतरवून घ्यायचा आणि गुंगीचं औषध द्यायचा. बऱ्याच जणींनी तक्रारी केल्या, २०१५ मध्ये त्याला शिक्षा झाली. पण या घटनेत कोण कोण होतं ते बघा. गुन्हेगार घरमालक होता. बळी पडल्या त्या पाहुण्या. दार त्याचं, कुलूप त्याचं, गल्ली त्याची, भाषा त्याची, वर वर्दीही त्याचीच. परक्या गावात, परक्याच्या घरात, पाठीवरची पिशवी उशाला घेऊन झोपणारा माणूस आणि त्याला ठेवून घेणारा माणूस, यांत जास्त धोका कोण पत्करतं? मलप्पुरमच्या त्या पोराच्या आईला त्या रात्री जेवढी काळजी वाटली असेल तेवढी आमच्या सोसायटीत कुणालाही वाटायचं कारण नव्हतं. तो सांगलीत कुणालाच ओळखत नव्हता. आम्ही बेचाळीस फ्लॅट होतो.

एकट्या राहणाऱ्या बाईने अनोळखी पुरुषाला ठेवू नये असं तिला वाटलं तर ते बरोबरच आहे, तिला तो निर्णय घेता येतो. निर्णय जिच्या घराचा तिचा असावा एवढंच म्हणणं आहे.

आणि पाहुणचाराचं गोडवं गाताना पुरुष एक गोष्ट सोयीने विसरतात, मीही विसरलो होतो. अतिथीला देव आपण म्हणतो, नैवेद्य करते बायको. दुसऱ्याच वर्षी एक महाशय आले, दोन रात्री सांगून सहा रात्री राहिले. ताट जागेवर, चहा जागेवर, टॉवेल पलंगावर ओला. मी ऑफिसला, घरात सगळं बायको आणि आई बघतायत. सातव्या दिवशी बायकोने मला बसवलं आणि सांगितलं की पुण्य तुझ्या खात्यात आणि भांडी माझ्या खात्यात, हे चालणार नाही. तेव्हापासून आमच्या घरचे नियम आहेत. दोन रात्री. पाहुण्याने एक वेळचा स्वयंपाक करायचा किंवा त्यात हात लावायचा. चादरी मी धुवायच्या. येणाऱ्याची माहिती आणि आधीच्या यजमानांनी काय लिहिलंय ते बायकोने वाचायचं, तिने नाही म्हटलं तर नाही, कारण विचारायचं नाही. तिने आजवर सात-आठ जणांना नाही म्हटलंय. मलप्पुरमच्या पोराला हो तिनेच म्हटलं होतं. आमच्याकडे समिती आहे हो, ती घरातच आहे.

ठरावातल्या त्या शब्दांकडे परत येतो. रक्ताचं नातं. हे शब्द सांगली-मिरजेत बसून लिहावेत याचं मला खरंच नवल वाटतं. मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव आहे. जत, कवठेमहांकाळ, अथणी, विजापूर, कुठूनकुठून माणसं येतात. आणि पेशंटबरोबर आलेली माणसं राहतात कुठे? लॉजवर किती जण राहू शकतात? आपल्यातल्या प्रत्येकाच्या लहानपणी घरात एक पथारी कायम घातलेली असायची. गावाकडचा कुणीतरी, आईच्या माहेरच्या शेजाऱ्याचा भाऊ, आत्याच्या सासरकडचा कुणी, डबा घेऊन दवाखान्यात जायचा आणि रात्री येऊन पडायचा. रक्ताचं नातं? कधीकधी तर नावही नीट माहीत नसायचं. आमच्याकडे 'उमदीचे मामा' म्हणून एक गृहस्थ एकोणीस दिवस होते, ते नेमके कुणाचे मामा होते हे आजतागायत कळलेलं नाही. उद्या असा माणूस रात्री अकराला पेशंट ॲडमिट करून दारात आला तर मी काय करायचं? दोन दिवस आधी अर्ज केला नाहीस म्हणून परत पाठवायचा?

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरं एकमेकांच्या खोलीवर जाऊन राहतात. वारीच्या दिवसांत कर्नाटकातून निघालेल्या दिंड्या मिरजेवरून पंढरपूरकडे जातात, त्यांना आपण जागा देतो, पाय चेपून देतो, तिथे कुणाचं ओळखपत्र बघितलंय?

आणि २०१९ चा ऑगस्ट. ते तर मी लिहायलाही नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गावभाग, खणभाग, सांगलीवाडी, अर्धं गाव पाण्यात. विश्रामबाग उंचावर, म्हणून आपल्याकडे माणसं आली. आमच्याच सोसायटीत अकरा कुटुंबं होती. पार्किंगमध्ये, टेरेसच्या खोलीत, हॉलमध्ये. आज जे चेअरमन आहेत त्यांच्या घरात खणभागातली सात माणसं आठ दिवस होती. मी स्वतः त्यांना भाकरीची चळत खांद्यावर घेऊन जिने चढताना बघितलंय, लिफ्ट बंद होती तेव्हा. त्या सातांचं आडनाव काय होतं ते चेअरमनसाहेबांना चांगलं आठवत असेल. त्यांनी ते तेव्हा विचारलं नव्हतं, चार दिवसांनी बोलण्याबोलण्यात कळलं, आणि कळल्यावरही आठवा दिवस उजाडेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हा ठराव त्यांच्या सहीने आला याचं वाईट वाटतं. बहुतेक ग्रुपवरच्या दोन-तीन जणांनी रेटलं आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही. पाणी गळ्याशी आल्यावर आपण सगळे माणसं असतो, पाणी उतरलं की पुन्हा सभासद होतो की काय, कोण जाणे.

मुसलमान कुटुंबाला आपल्या भागात भाड्याने फ्लॅट मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो आणि कुणी बोलत नाही. मीही बोललेलो नाही, मान्य करतो. समोरच्या इमारतीत एका डॉक्टरला आडनाव ऐकून तिसऱ्यांदा नकार मिळाला तेव्हा मी हळहळलो आणि चहा प्यायलो. तो करार तरी अकरा महिन्यांचा होता. आता आपण एका रात्रीवर आलोय.

रविवारी मी काय म्हणणार ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही. सोसायटीचे उपविधी मी काढून वाचले. भाडेकरूबद्दल, पोटभाडेकरूबद्दल त्यात नियम आहेत आणि ते ठीक आहेत. घरी आलेला पाहुणा हा भाडेकरू नव्हे. माझा प्रस्ताव साधा आहे. रजिस्टरमध्ये प्रत्येक येणाऱ्याचं नाव, गाव आणि फोन लिहावा, फ्रेंच असो की मलप्पुरमचा, माझ्या मेव्हण्यासकट. मुक्कामाला पाहुणा असेल तर मी शेजारच्या दोन घरांना सांगेन, ते मी आजही सांगतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकणं बंद व्हावं, ती कुणाचीतरी खाजगी माहिती आहे. परवानगी, हमीपत्र आणि रक्ताचं नातं, हे तिन्ही काढून टाकावं. एवढं केलं तर सुरक्षा आजच्यापेक्षा जास्त होईल, कमी नाही. मत द्यायला या. टाकीच्या गळतीसाठी तरी येणारच आहात.

ज्यांना माझ्या बाजूने हात वर करायला संकोच वाटत असेल, त्यांनी निदान विरोधात करू नये. आमच्याकडे पंधरा जण गप्प बसतात आणि चार जणांचं सोसायटीचं मत होतं, हे आपल्याला टाकीच्या बाबतीतही भोवलेलंच आहे.

तो पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघाला. चादर घडी घालून, भांडी घासून. आईने त्याला दशम्या बांधून दिल्या, त्याने वाकून नमस्कार केला, कुठे शिकला होता कोण जाणे. खाली वॉचमनमामांनी त्याला टाटा केला. ग्रुपवर काय चाललं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला मराठी वाचता येत नाही हे बरंच आहे.

परवा त्याचा मेसेज आला. इंदूरच्या पुढे गेलाय. एका फोटोत तो एका ढाब्यावर झोपलेला दिसतोय, ट्रकवाल्याने काढलेला. विचारत होता की काश्मीरहून परतताना सायकल घेऊन गोवा एक्स्प्रेसने मिरजेला उतरलो तर पुन्हा एक रात्र तुमच्याकडे राहू का, अम्माला माझ्या हातची बिर्याणी खायला घालायची आहे. आईने विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, येऊ का विचारतोय. ती म्हणाली, मग त्यात विचारायचं काय?

मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. सभा रविवारी आहे.